मालेगावहून परतलेली पाच पोरं

मंडळी, बसा. मागं उभे आहात त्यांनीही पुढं या, सतरंजी मोकळी आहे.

सुमनताई, गुडघा कसा आहे तुमचा? खाली बसू नका, खुर्ची घ्या. आज तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. इम्रान, खांद्याची सूज उतरली का? नुसती मान हलवू नको, तोंडानं सांग. बरं. अक्षय, वडिलांचा ताप? ओझरहून आलेत? दिसले, दिसले. अध्यक्ष साहेब, तुमचा खोकला अजून गेलेला दिसत नाही, पंखा जरा कमी करा रे कोणीतरी. आणि सोमा, तू कसा आहेस बाळा? त्या खांबामागं काय बसलायस? इकडं ये, मला दिसशील असा बस.

मला सगळे अण्णा म्हणतात. सातपूरच्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं आणि रोजची सकाळ तालमीत गेली. शाळा सातवीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते वाचून, विचारून आणि आपटून आलं. मातीत उभं राहून ओरडायला मला जमतं, इथं माईकसमोर शब्द शोधावे लागतात. या पोरांना कुस्ती शिकवणाऱ्या पुंजा सरांना जाऊन दहा दिवस झाले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान माणूस. त्याच्या फोटोला मी हार घालायचा, हे काय बरोबर आहे का?

पण नुसतं रडायला मी उभा राहिलेलो नाही. परवा कॉलेजच्या फळ्यावर अध्यक्ष साहेबांच्या क्रीडा समितीचं पत्र लागलं. हंगामाच्या मधल्या स्पर्धेत कुस्ती संघाची कामगिरी असमाधानकारक. एक मल्ल वजनात बसला नाही, हा बेशिस्तपणा. आता प्रशिक्षकही नाहीत. सबब उरलेल्या हंगामात संघ पाठवू नये, असा विचार आहे. पत्र वाचलं आणि सोमानं वळकटी बांधली. "माझ्यामुळं संघ बुडाला अण्णा, मी घरी पेठला जातो." स्टँडवरून हाताला धरून आणलाय त्याला.

विचार आहे, म्हणजे निर्णय झालेला नाही. म्हणून आज बोलतो. राग नसावा साहेब. आणि आला तर येऊ द्या.

सरांची एक पद्धत होती. स्पर्धेहून आलं की पोरांना मातीत गोल बसवायचे. जिंकलेल्यानं गप्प बसायचं. हरलेल्यानं आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची, दुसऱ्याची सांगायची नाही. पंचांचं नाव काढलं की पन्नास बैठका. मालेगावहून आलो तेव्हा गोल बसायची हिंमत आमच्यात नव्हती. तर तो गोल आज इथं.

पाच पोरं मालेगावला खेळायला गेली. अक्षयनं कांस्य आणलं, तो नियमाप्रमाणे गप्प बसेल. दोघं पहिल्याच फेरीत पडली, आणि का पडली ते त्यांनी मला सांगितलं आहे: दम पुरला नाही. इम्रान, तुझं काय? शोकसभा आहे म्हणून खोटं बोलणार नाही. तू हरलास. मालेगाव तुझं घर, सगळा मोहल्ला कारखाने बंद ठेवून बघायला आलेला, आणि शेवटच्या क्षणाला तू वर्तुळाबाहेर जाऊन गुण दिलास. डावा पाय मागं राहतो तुझा. चार महिने सर हेच सांगत होते. पण गेल्या वर्षी याच पैलवानानं तुला अर्ध्या मिनिटात चीत केलं होतं. या वेळी त्याला शेवटपर्यंत घाम फुटला. ही असमाधानकारक कामगिरी? कोणाला समाधान झालं नाही? मी तिथं होतो, मला झालं.

आता सोमा. नाही, तू उठू नको. चूक ज्याची त्यानं सांगायची, आणि ही तुझी नाही.

मंडळी, शुक्रवारी सकाळी काय झालं ते ऐका. शनिवारी सात वाजता मालेगावात वजन द्यायचं होतं. सोमा दोन दिवस जवळजवळ उपाशी. सरांनी त्याला काट्यावर उभा केला. म्हणाले, "अर्धा किलो उतरायचा राहिलाय. आज जेवायचं नाही. पाणीसुद्धा तोंड ओलं करण्यापुरतं." वहीत आकडा लिहिला, मला म्हणाले, "अण्णा, जरा बसतो." आखाड्याच्या कडेला बसले. बसले ते बसलेच. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दुपारी सगळं उरकलं. संध्याकाळी सरांच्या घरी शेजारच्यांनी पिठलं, भात, भाकरी आणली. कडू घास. सोमा ताटावरून उठायला लागला. "अण्णा, सरांनी जेवू नको म्हटलंय." आणि मी, हा शहाणा, त्याला काय म्हणालो? म्हणालो, "गप बस. ज्या घरातून माणूस गेलं, तिथून घास न खाता उठायचं नाही. रीत आहे. वजनाचं बघू उद्या." माझ्या हातानं त्याला वाढलं. दोन दिवसांचं उपाशी पोरगं. एका घासावर थांबेल कसं? रडत होता आणि खात होता. दोन भाकऱ्या संपवल्या.

पन्नास वर्षं तालमीत घातलेला माणूस मी. उद्या वजन आहे हे मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण त्या घडीला मला पैलवान दिसला नाही, बाप गेल्यागत रडणारं पोर दिसलं.

पोरं मालेगावला जावीत की नाही, यावरही तिथं बरंच बोलणं झालं. कोणी म्हणालं, अजून राख सावडली नाही आणि कुस्त्या कसल्या? तेव्हा सरांच्या घरच्या, या सुमनताई, आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "गाडी त्यांनीच सांगून ठेवलीय. ते गेले म्हणून यांनीही घरी बसायचं? पाठवा अण्णा. कोणाला काय बोलायचं ते मला बोला." त्यापुढं बोलायची कोणाची छाती होती?

सकाळी काट्यावर सोमा सातशे ग्रॅम जास्त. दोन स्वेटर घालून तो मैदानाला फेऱ्या मारत सुटला. मध्येच गायब झाला आणि आला तो डोकं भादरून. लोक हळहळले, गुरूसाठी मुंडण केलं बघा पोरानं. मी बाजूला घेऊन विचारलं. म्हणाला, "खरं सांगू? वजनासाठी केलं अण्णा."

"अरे येड्या, केसांना कुठं वजन असतं?"

"माझे लय दाट होते."

हसा, हसा. सरही हसले असते. तरी दोनशे ग्रॅम उरलेच. पंचांनी नियम दाखवला, त्यांचं बरोबर होतं. सोमा बाद. त्यानं काय केलं? कोपऱ्यात तोंड लपवून बसला नाही. चौघांना पाणी दिलं, टॉवेल धरले, आणि इम्रानच्या कुस्तीला काठावरून असा ओरडला, अगदी सरांच्या चालीत, की मी वळून पाहिलं. मला वाटलं, तेच आले. हा बेशिस्तपणा?

साहेब, त्या पत्रात दुरुस्ती करा. वजनात सोमा चुकला नाही, मी चुकलो. नाव घाला माझं. हवं तर मला फळ्यावर लावा. पण मी चुकलो म्हणून पाच पोरांचा हंगाम बुडवू देणार नाही. सांगून ठेवतो.

प्रशिक्षक नाहीत म्हणता. सर्टिफिकेट माझ्याकडे नाही, खरं आहे. पण मॅटवरच्या कुस्तीच्या नियमांचं इंग्रजी पुस्तक सरांनी आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलेलं आहे. तुम्ही नवा माणूस आणा, शिकलेला आणा, मी त्याची माती खणून देईन. तो येईपर्यंत तालीम उघडायला मी आहे. सरांची वही माझ्याकडे आहे, प्रत्येकाचं वजन, प्रत्येकाचा कच्चा पाय, सगळं त्यात आहे.

हा अर्ज. खाली पोरांच्या सह्या आहेत. सगळ्यात वर सुमनताईंची आहे, त्यांनी मागून घेऊन केली. साहेब, बघू, करू, असं तोंडी सांगू नका. लिहून उत्तर द्या, आणि लवकर द्या. पुढची स्पर्धा महिन्यावर आली आहे. सोमाला वजन हळूहळू उतरवायचं आहे, उपाशी राहून नाही. तुमचं पत्र येईपर्यंत तो पेठला जाणार नाही. उद्या पहाटे मातीत येणार आहे. येणार ना रे? मोठ्यानं सांग, साहेबांना ऐकू जाऊ दे.

ऐकलंत?

आता उठू या. दोन मिनिटं शांत उभं राहायचं आहे. अशा वेळी माना खाली घालतात, थोरामोठ्यांनी घालाव्या. पण पोरांनो, तुम्ही घालू नका. मान खाली गेली की समोरचा ती धरतो, हे सरांनी तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं. समोर बघा. तो फोटो आहे तिकडं बघा.

पुंजा सर, तुमचा संघ उभा आहे. रामराम घ्या.