काहीच न करणारा गट

नाही, पण मी काय म्हणतो, काहीच न करणं हे किती अवघड काम आहे, याची कल्पना आहे का तुम्हाला? नाही ना? मग ऐका. अहो, उभा जन्म सलून चालवलं मी. खुर्चीत गिऱ्हाईक, गळ्याभोवती कापड, गालाला साबण, माझ्या हातात वस्तरा... जाणार कुठं? ऐकायचंच! मग मुलगा म्हणाला, "बाबा, खूप झालं, आता घरी आराम करा." आराम! तुम्हाला सांगतो, आराम करून करून माणूस इतका दमतो ना... सूनबाई चांगली आहे हो, पण ती ऑफिसात, मुलगा सलूनमध्ये, आणि आमची ही तर केव्हाच गेली. बोलायचं कुणाशी? फ्रिजशी?

तर सूनबाईनं कुठंतरी वाचलं, निरोगी म्हातारपणावर संशोधन चाललंय, माणसं हवीत. पैसा कुणाचा? एका गादीवाल्या शेठचा! म्हणजे बघा, जन्मभर लोकांना झोपवलं आणि आता दानधर्म कशाला, तर म्हाताऱ्यांना उठवून चालतं ठेवायला! असो, देणारा देतोय, आपण कशाला बोला. तिथली डॉक्टरबाई माझ्या नातीच्या वयाची. गोळी नाही, सुई नाही, नुसती मोजते. मुठीत एक यंत्र देऊन "दाबा" म्हणते, एका पायावर उभं करते, हात न टेकता खुर्चीतून उठवते. मग टाकल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या. अर्ध्यांना व्यायाम, शिकवायला मास्तर, वर नवे बूट! आणि आम्ही? म्हटलं, "बाई, आम्ही काय करायचं?" म्हणाली, "काही नाही." "म्हणजे?" "म्हणजे आजोबा, जसे आहात तसेच राहा. तुमच्याशी त्यांची तुलना करायचीय. गुरुवारी यायचं, मोजून घ्यायचं, घरी जायचं." ऐकलंत? आमचा गट काहीच न करणारा!

आता मोजणार एकेकाला, म्हणजे बाकीच्यांनी बाहेर बसायचं. बाहेर कोण? एक निवृत्त कंडक्टर. माणूस नोकरीतून सुटला, पण नोकरी माणसातून सुटली नाही. बाकावर कुणी टेकलं की, "चला, पुढे सरका, पुढे जागा आहे!" दुसऱ्या नर्सबाई, त्याही निवृत्त. मी जरा हसलो की, "आवाज कमी! पेशंट झोपलेत!" अहो, कुठले पेशंट? आणि मी. मला काय, समोर माणूस बसलेला दिसला की तोंड सुरू! तास तास आधी यायला लागलो आम्ही. लिफ्ट आपल्या मर्जीनं येणार, तेवढा धीर कुणाला? जिन्यानं वर! एका पायावर कोण जास्त टिकतो यावर पैजा, हरेल त्यानं खालून सगळ्यांचा चहा आणायचा. कंडक्टर सारखा हरायचा आणि सारखा जिना चढायचा. नर्सबाई आल्या नाहीत की आम्ही दोघं त्यांच्या घरी हजर. पण व्यायाम? छे! बाईंनी सांगितलं होतं ना? आमचा गट काहीच न करणारा!

आणि एका गुरुवारी डॉक्टरबाई बाहेर आली, ती चेहरा पाडूनच. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "आजोबा, खरं सांगा, तुम्ही लोक काय करता?" म्हटलं, "काही नाही." म्हणाली, "मग तुमची मूठ व्यायामवाल्यांपेक्षा घट्ट कशी? ते थोडे सुधारले, तुम्ही त्यांच्याही पुढं! शेठ येताहेत पाहायला. त्यांनी हात आखडता घेतला की संपलं सगळं." आणि डोळे पुसले हो पोरीनं. तुम्हाला सांगतो, तब्येत सुधारल्याची इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

मग आम्ही ठरवलं, आपण बिघडायचं! शेठ आले त्या दिवशी कंडक्टर लंगडत आला. येताना डावा पाय, आत जाताना उजवा! नर्सबाई भिंतीला धरून, "अगं आई गं..." आणि मी यंत्र असं दाबलं, जसं तान्ह्या बाळाचा गाल. डॉक्टरबाईनं एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. शेठसमोर कडाडली, "आजोबा! खोटं दाबायचं नाही! काम गेलं तरी चालेल, पण मी खोटं लिहिणार नाही. नीट दाबा!" दाबलं बाबा. काटा गेला वर. पोरीनं तोच आकडा शेठच्या तोंडावर वाचून दाखवला. ऊर भरून आला माझा.

शेठ आमच्यापेक्षाही म्हातारा. बाहेर येऊन बाकावर बसला. "पुढे सरका!" सरकला बिचारा! मला विचारतो, "इथं तुम्ही करता काय?" म्हटलं, "काही नाही..." आणि झालो सुरू. ड्रायव्हर बोलवायला आला, परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. शेवटी शेठ उठला, हात न टेकता हं, आणि म्हणाला, "डॉक्टरबाई, पुढची देणगी या बाकाला. माणसं नुसती एकत्र बसली तर काय होतं, ते शोधा." आम्ही टाळ्या पिटल्या! नर्सबाईसुद्धा आवाज कमी म्हणाल्या नाहीत.

पण डॉक्टरबाई म्हणाली, "शेठ, तुलना लागेल. अर्धे इथं बसतील, अर्धे घरी." पुन्हा चिठ्ठ्या! शेठनं स्वतःच्या हातानं काढल्या. कंडक्टर, बाकावर. नर्सबाई, बाकावर. मी... घरी! म्हटलं, "बाई, माझी परत काढा." म्हणाली, "परत काढली तर ते संशोधन राहत नाही, आजोबा. पण नाही म्हणायचा हक्क आहे तुम्हाला, मी रागावणार नाही." आता सांगा, त्या पोरीनं नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली, पण खोटं लिहिलं नाही. तिला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, "बस्स, ठरलं." वर्षभर कंडक्टर नाही, नर्सबाई नाही, गप्पांचा अड्डा नाही. जिवावर आलंय हो माझ्या, खोटं कशाला बोलू? पण सोमवारपासून मी घरी, एकटा, आणि या वेळी अगदी खरंखरं काहीच न करणारा!

अहो, उठताय कुठं? बसा! अजून सोमवार उजाडायचाय!