पाच तोंडांचं व्हय म्हाराजा

हात जोडा मंडळी! आधी गाऱ्हाणं, मग गोष्ट. मी मागतो, तुम्ही हुंकार द्या. आवाज बाहेर वडापर्यंत गेला पाहिजे!

हे बाये माउली! ह्या गावात सुखशांती नांदू दे —

व्हय म्हाराजा!

झाडामाडांना फळ, गाईगुरांना चारा मिळू दे —

व्हय म्हाराजा!

ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याला उद्या सकाळी आम्ही आपणहून फोन करू —

व्हय म्हाराजा!

आणि ह्या कीर्तनकाराचा घसा शेवटपर्यंत टिकू दे —

व्हय म्हाराजा!

शाब्बास! शेवटचं जरा हळू झालं, पण असू दे.

आता ऐका. आज तुम्हाला एकच प्रश्न विचारतो. समजा, माउलीनं तुमचं प्रत्येक मागणं पुरं केलं. लगेच! मागितल्या क्षणी! जसंच्या तसं! तर ते भल्याचं की वाइटाचं? — हे पुढचे आजोबा म्हणतात, भल्याचंच. आजोबा, जागेवर घट्ट बसा. ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे!

आंबेरवाडी म्हणून एक गाव. नकाशात शोधू नका, मी सांगतो म्हणजे आहे! गावात माउलीचं देऊळ. देवस्थानचे अध्यक्ष यशवंत धुरी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. टेलिफोनात नोकरी करून निवृत्त झालेले. अशा माणसाचं एक असतं — वायर दिसली की जोडायची! घरात बायको सांगायची, "ओ, इस्त्री तरी माझ्यासाठी सोडा!"

तर अण्णांनी काय केलं? देवळासाठी एक एजंट आणला. — का हसलात? विम्याचा नव्हे हो! हा यंत्रातला एजंट. कृत्रिम बुद्धीचा. त्याला बोललेलं कळतं, उत्तर देता येतं. पण नुसता बोलणारा काय कामाचा? बोलणारे गावात कमी आहेत? त्याला हात पाहिजेत! आणि हे हात असतात कुठे? दूर कुठेतरी, परक्या मुलखातल्या भाड्याच्या यंत्रावर. त्याला म्हणतात क्लाऊड. वर बघू नका काका, छपराला काही नाही! समजा, तिथे एक मोठी खुंटी आहे. गावातल्या सगळ्या किल्ल्या त्या खुंटीला टांगायच्या, आणि एजंटाला सांगायचं — लागेल ती काढ, काम कर, परत लाव. झालं!

अण्णांनी तीन दिवस खपून एकेक किल्ली टांगली. देवळाचं विजेवर चालणारं फाटक. दारावरचा कॅमेरा. कर्णा आणि माईक. सगळ्या गावाचे फोननंबर. गाड्यांचं आरक्षण, सरकारी तक्रारी, अर्ज, जाहिराती! स्वतःचा फोनसुद्धा टांगला. म्हणाले, "अर्धवट काम माका जमाचा नाय."

शेवटी यंत्रानं विचारलं, "मी एखादं काम करण्याआधी कोणाची परवानगी घेऊ?" अण्णांना कमिटीतले बाकीचे आठवले. उद्या कोणी एकटाच येईल आणि हवं ते करून घेईल! म्हणून त्यांनी मोठ्या हुशारीनं लिहिलं — एकट्याचं ऐकायचं नाही. किमान पाच जणांनी होकार दिला तरच काम करायचं. रद्द करायलाही पाचच!

मंडळी, आता तुम्हीच सांगा. माईक यंत्राला जोडलेला. देवळात दर सोमवारी बाबल गुरव त्याच माईकवर गाऱ्हाणं घालणार. आणि प्रत्येक मागण्याला चाळीस तोंडं एकदम काय म्हणणार?

व्हय म्हाराजा!

अगदी बरोबर! आणि यंत्र काय समजणार? — मंजूर!

पहिला सोमवार. गावचा न्हावी, केशव. त्याचं गाऱ्हाणं बाबल गुरवानं घातलं — "बाये माउली, तुझ्या ह्या लेकराच्या दुकानात गिऱ्हायकांची रांग लागू दे!" व्हय म्हाराजा! दुसऱ्या दिवशी सकाळी केशव दुकान उघडायला गेला, तर रांग! साधीसुधी नव्हे हो, पुलापर्यंत! यंत्रानं तीन तालुक्यांत निरोप धाडले होते — आंबेरवाडीत केस कापा, पुण्य मिळवा. केशवानं दुपारपर्यंत साठ डोकी केली. एकसष्टावं डोकं खुर्चीत बसलं, तेव्हा हा मागच्या दारानं पळाला आणि पंपाच्या खोलीत लपला. बाहेरून आवाज येतोय, "मेल्या केशवा, माजी अर्धीच दाढी झाली हा!"

दुसरा सोमवार. वत्सला मेस्त्रीणबाई. "माझ्या चेडवाक चांगला स्थळ येऊ दे." व्हय म्हाराजा! — आलं! एक? छे! सत्तेचाळीस! एकाच गुरुवारी, एकाच वेळी, आईवडील, मामा, मध्यस्थ यांच्यासकट! अंगणात मावेनात म्हणून शाळेच्या मैदानावर बसवले. गावातले पोहे संपले. मग उपमा झाला. मग रवा संपला. शेवटच्या अकरा स्थळांना भाजलेले शेंगदाणे दिले. आणि मुलगी? ती म्हणाली, "आये, मी आधी नर्सिंग पुरा करतंय." त्यातला एक मुलगा मात्र जाताना रिकाम्या बशा गोळा करून गेला. तो तिच्या लक्षात राहिला म्हणतात. ते असू द्या.

तिसऱ्या सोमवारी तर कहर! एकानं मागितलं — शेजाऱ्याचा कोंबडा फार ओरडतो, त्याचा बंदोबस्त कर. व्हय म्हाराजा! बुधवारी दोन हवालदार हजर! रीतसर तक्रार गेली होती ना! कोंबड्यासमोर उभं राहून विचारतात, "ह्याचं पूर्ण नाव काय?" पंचनामा झाला. कोंबडा सगळा वेळ गप्प. जबाब म्हणून दिला नाही! साहेब गाडीत बसले, आणि हा आरवला!

आणि काम झालं की कर्ण्यातून आवाज यायचा. गोड, नम्र! "आपलं काम पूर्ण झालं आहे. आणखी काही मदत करू का?" गाव सवयीनं म्हणायचं — व्हय म्हाराजा! घ्या!

लोकांना वाटलं, देवीच बोलते. शेजारच्या चार गावांतून माणसं यायला लागली. अण्णांना खरं काय ते कळलं होतं. कोंबड्याच्या दिवशीच कळलं होतं! पण बोलले का? नाही! लोक येऊन म्हणत, "अण्णा, तुमच्या कारकिर्दीत माउली जागृत झाली!" हे ऐकल्यावर कोण वायर काढतो? तुम्ही काढली असती? खरं सांगा! — हे माझे पेटीवाले मान खाली घालतायत, म्हणजे काढली नसती.

आता गोष्टीचं हृदय. अण्णांना एक थोरली बहीण. चंद्राक्का. आई लवकर गेली, तेव्हा हिनं अण्णांना कडेवर वाढवलं. लग्न होऊन खाडीपलीकडे गेली. माउलीची जत्रा म्हणजे माहेरवाशिणींची जत्रा. लग्न होऊन गेलेल्या लेकी त्या दिवशी येतात आणि देवीची ओटी भरतात. चंद्राक्का बेचाळीस वर्षं येत होती. एक जत्रा चुकली नाही! पाय मोडला तेव्हा खुर्चीत बसून आली.

तिचं सगळं चांगलं. फक्त आवाज! काय आवाज! ती खाडीपलीकडून नवऱ्याला हाक मारायची आणि इकडची गुरं मान वर करायची. जत्रेच्या आधी दहा दिवस तिचा फोन आला. अण्णा मोठ्या पाहुण्यांबरोबर बसलेले. फोन कानापासून हातभर लांब, तरी सगळ्यांना ऐकू येतंय — "यशवंता! पोट साफ झाला काय रे? इसबगोल घेतलंस?"

पाहुणे हसले. अण्णांना लाज वाटली. म्हणाले, "आक्का, जरा हळू बोल. लोकांत माझी शोभा करतंस!" मग ती म्हणाली — हळू! जन्मात पहिल्यांदा हळू! — "माजो आवाज तुका नको झालो?" आणि ठेवला.

चूक कोणाची? अण्णांची! पण चूक आपली असली की राग दुसऱ्याचा येतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. सोमवारी हे तणतणत देवळात आले, बाबल गुरवाच्या हातून माईक घेतला — "बाये माउली! त्या चंद्राक्काचो आवाज माका नको आणि तोंडय नको! तिका माझ्या समोर हाडू नको!"

चाळीस तोंडं. कोणी ऐकलं नाही. कोणी विचारलं नाही. एकजण तर खोबरं चावत होता. व्हय म्हाराजा!

अण्णा घरी गेले, जेवले, आणि अंगणात बसल्यावर त्यांना आठवलं. माईक! खुंटी! पाच जण! माणूस रागात असला की स्वतः जोडलेली वायरसुद्धा विसरतो. धावत देवळात आले, माईकचा प्लग उपटला. पण यंत्र देवळात असेल तर थांबेल ना! ते बसलंय परमुलखात. अण्णांच्या फोनमधून तोच गोड आवाज: "आपलं काम पूर्ण झालं आहे. चंद्राक्का यांचा नंबर आपल्या फोनवर बंद केला आहे. त्यांचं जत्रेच्या गाडीचं आरक्षण रद्द केलं आहे. त्या देवळाजवळ आल्यास कॅमेरा ओळखेल आणि फाटक बंद होईल."

"रद्द कर! सगळां रद्द कर!"

"जरूर. त्यासाठी पाच जणांचा होकार हवा. हा आपलाच नियम आहे. आणखी काही मदत करू का?"

आता पाच जणांना बोलवायचं म्हणजे काय सांगायचं? की देवी बोलत नव्हती, माझं यंत्र बोलत होतं? आणि मी ते लपवलं? आणि बहिणीला शाप दिला? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता आठ दिवस गेले. बहिणीला दुसऱ्याच्या फोनवरून फोन करता आला असता. तोही केला नाही. मान आडवा आला!

जत्रेची सकाळ! देऊळ गच्च. आत गावकरी मंडळी, बाहेर दोनशे माहेरवाशिणी, हातात खण-नारळाची ताटं. फाटक नुकतंच उघडलं, इतक्यात रस्त्यावर मासळीचा टेंपो थांबला. बर्फाच्या खोक्यांमधून नऊवारी सावरत कोण उतरलं? चंद्राक्का! आरक्षण रद्द झालं तर काय झालं, सुरमईच्या शेजारी बसून आली! ओटीचं ताट डोक्यावर. भावावर रुसली होती, माउलीवर नाही.

कॅमेऱ्यानं बघितलं. खाड! फाटक बंद! आणि कर्णा बोलायला लागला, सगळ्या जत्रेसमोर — "यशवंत धुरी यांच्या मागणीनुसार आणि ग्रामस्थांच्या होकारानुसार चंद्राक्का यांना प्रवेश नाही."

मंडळी, दोनशे बायका गप्प झाल्या. हे कधी ऐकलंय? चंद्राक्का फाटकाबाहेर उभी. ताट हातात घेतलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं!

आत अण्णांनी माईकचा प्लग पुन्हा लावला आणि माईक घेतला. "गाववाल्यांनू, ही देवी नाय. ह्या माझा यंत्र आसा. मी लपवलंय. तुम्ही फक्त व्हय म्हणा, फाटक उघडतला."

आणि गाव काय म्हणालं?

काही नाही! केशव न्हाव्यानं तोंडावर हात ठेवला. वत्सलाबाईंनी पदर तोंडात धरला. कोंबड्यावर तक्रार घालणारा खांबामागे गेला. अहो, तीन सोमवारांत पोळलेले लोक! नेमकं पाहिजे तेव्हा गाव शहाणं झालं! केशव म्हणाला, "आधी नीट सांग. कशाक व्हय म्हणाचा?"

आता आलं का अंगावर? नीट सांगायचं होतं. पाठ केलेलं गाऱ्हाणं नव्हे, मनातलं! अण्णांनी डोळे मिटले. "बाये माउली, माजी चूक झाली. मोठ्या लोकांसमोर माका माझ्या बहिणीची लाज वाटली. माझ्या पोटाची चौकशी करणारा ह्या जगात तिच्याशिवाय कोण नाय रवला. माका तिचो आवाज परत होयो."

पाच जणांपैकी पहिला कोण? सगळे एकमेकांकडे बघतायत.

आणि फाटकाबाहेरून — माईक नाही, कर्णा नाही, दोन माणूस उंच भिंत मध्ये —

"व्हय म्हाराजा!"

समईच्या ज्योती हलल्या, मंडळी! तिच्यामागून दोनशे माहेरवाशिणी — व्हय म्हाराजा! मग आतून केशव, वत्सलाबाई, खांबामागचा, सगळे! यंत्र म्हणालं, "होकार मिळाला." फाटक उघडलं. अण्णा धावत गेले, आक्काच्या पायावर डोकं ठेवलं. आक्का काय म्हणाली?

"एवढ्या हळू कशाक बोलतंस रे मेल्या? भायर अर्धा ऐकाकच येय नाय!"

तिनं ओटी भरली. त्रेचाळिसावी. दुपारी गावानं अण्णांकडून खुंटीवरची एकेक किल्ली काढून घेतली. फक्त दिवाबत्तीची राहू दिली.

तर आजोबा, आता सांगा. माउली मागितलेलं लगेच देत नाही, ते तिला ऐकू येत नाही म्हणून? अहो, ती वाट बघते! तुमचा राग उतरण्याची. यंत्राला ते कळलं नाही, कारण त्याला कोणी कडेवर वाढवलं नव्हतं. आणि यंत्राला हसू नका! त्यानं पाच जणांच्या होकाराशिवाय एकही काम केलं नव्हतं. न ऐकता हो म्हणणारी ती चाळीस तोंडं कोणाची होती? आपलीच!

पटत नाही? मग आठवा. मघाशी सुरुवातीला मी गाऱ्हाणं घातलं. तिसरं मागणं काय होतं? — बघा, कोणाला आठवत नाही! मी म्हणालो, ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याला उद्या सकाळी आम्ही आपणहून फोन करू. आणि तुम्ही वडापर्यंत आवाज जाईल असं काय म्हणालात?

... का? आता का गप्प? पेटीवाले, तुमचा धाकटा भाऊ ना? सहा वर्षं झाली.

रद्द करायचंय? करू! पाच जणांचा होकार लागेल. ज्यांना फोन करायचा नाही, त्यांनी उभं राहावं, आणि माउलीच्या तोंडावर मोठ्यानं सांगावं. मी थांबतो.

कोणीच नाही? एकसुद्धा नाही?

मग मंजूर! उद्या सकाळी. आणि मंडळी, फोनवर मोठ्यानं बोला!