खालून चौथा थर

आदरणीय अध्यक्षबाई रेव्हरंड किलनर, व्यासपीठावरचे नगरपालिकेचे श्री. फर्थ, आजचे सत्कारमूर्ती श्री. क्लेम बूथरॉइड, आणि बेथेस्डा टेरेसच्या दोन्ही ओळींतल्या माझ्या शेजाऱ्यांनो,

रहिवासी मंडळाची चिटणीस म्हणून चार शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते चार शब्द मी पाच वेळा लिहिले, आणि अर्ध्या तासापूर्वी चहाच्या टेबलापाशी पाचवा कागदही निकामी झाला. का, ते ओघात येईलच.

क्लेम चाळीस वर्षं आपल्या भिंती सांभाळत आले. आपल्या टेरेसची ही एकमेकांना चिकटलेली घरं संरक्षित वारसा-यादीत. आपल्याला खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो, पावसाला मात्र लागत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात ज्यांनी ही घरं बांधली, त्यांनी रस्त्याच्या बाजूला तासीव दगड लावला, खिडक्यांवर कोरीव पट्ट्या दिल्या, पन्हळींखाली कोरीव दगडी टेकू बसवले. मागच्या गल्लीकडे मात्र हाताला लागेल ते रचलं. पाहुणे पुढून येतात, शेजारी मागून. मला हे फार पटतं. कुठल्याही गोष्टीची मागची बाजू मी आधी बघते. रोजनिशी लिहिणाऱ्यांना ही खोड असतेच. हसू नका डेरेक, तुमच्यावरही दोन पानं आहेत.

अकरा वर्षांपूर्वी पुढच्या भिंतीचे दगड पापुद्रे सोडू लागले. क्लेमनी परांची बांधली. ते एकेक दगड सोडवायचे, पोत्यात गुंडाळून गाडीत ठेवायचे, आणि आठवड्यानं त्या जागी मधाच्या रंगाचा फिकट दगड दिसायचा. गिरण्यांच्या धुरानं काळ्या झालेल्या भिंतीत तो नव्या दातासारखा उठून दिसे. मग आमचा जुना दगड जातो कुठे? जुन्या दगडाला गिऱ्हाईक असतं, हे कोणाला ठाऊक नाही? मी पडद्याआडून मोजायला लागले. आठ गेले. चौदा गेले. एकदा त्यांनाच विचारलं, भिंतीतले दगड मोजतात कसे?

ते खूश झाले. "खालून मोजायचं, पोरी. भिंत खालून चढते ना! थर खालून, दगड डावीकडून."

त्या दिवशीच्या रोजनिशीत नोंद आहे : फारच मोकळेपणानं बोलले. संशयास्पद.

पुढे नगरपालिकेत एक निनावी पत्र गेलं. संरक्षित भिंतीतले अस्सल दगड पळवून तिथे नवे बसवले जात आहेत, असं त्यात होतं. काम थांबलं. क्लेमना संरक्षित घरांना पुन्हा हात लावू द्यायचा की नाही, इथपर्यंत गोष्ट गेली. सबंध हिवाळा परांची तशीच उभी, आणि उघड्या सांध्यांतून पाणी घरांत.

फेब्रुवारीत श्री. फर्थ आले. पत्रात सांगितलेल्या दगडांपैकी एक त्यांनी काढायला लावला. सगळी टेरेस फुटपाथवर जमली होती. दगड बाहेर आला, फर्थसाहेबांनी त्याच्या मागून हात फिरवला, आणि तळहात काळा झाला. शंभराहून जास्त वर्षांची काजळी आतल्या बाजूला होती. दगड तोच होता. क्लेमनी तो उलटवला होता, झिजलेलं तोंड आत आणि धड राहिलेली पाठ तासून बाहेर. अर्जात त्यांनी 'दगडांची डागडुजी' एवढेच दोन शब्द लिहिले होते. कागदाशी त्यांचं कधी जमलं नाही.

"अहो, मग सांगितलं का नाही?" फर्थसाहेब म्हणाले.

"विचारलं कोणी? थेट पत्रच लिहिलं."

पत्र कोणाचं, हे टेरेसनं त्याच दुपारी ठरवून टाकलं. एडना सगडन! एडनाबाईंना प्लॅस्टिकच्या खिडक्या हव्या होत्या आणि क्लेम सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ह्या भिंतीला प्लॅस्टिक? त्यापेक्षा बिशपला चड्डीवर उभं करा." त्यावर एडनाबाई : "मी थंडीनं मेले की थडगं तरी दगडाचं करा!" एवढा पुरावा आपल्याला पुरला.

मागच्या गल्लीत सोमवारी कपडे वाळतात. दोरी एका घरापासून समोरच्या घरापर्यंत, म्हणजे समोरच्याच्या भिंतीत दोरी अडकवायचा आकडा हवाच. एडनाबाईंच्या समोर माझं घर. सांधे भरायचेत असं सांगून मी आकडा काढला.

"गिलियन, आकडा कधी बसतोय गं?"

"चुना वाळू दे हं, एडनाबाई."

"चुना आहे की ख्रिसमसचा केक? किती महिने मुरवतेस?"

पुढे त्यांनी विचारणं सोडलं. अकरा वर्षं त्यांचे कपडे घरात वाळतायत.

आता चहाच्या टेबलाकडे येते. क्लेम हातात पेस्ट्रीची बशी घेऊन जवळ आले आणि हळूच म्हणाले, "पत्र नीटनेटकं होतं तुझं. 'खालून चौथा थर, डावीकडून सातवा.' लोक वरून मोजतात, पोरी. खालून मोजणारे आम्ही गवंडी, आणि तू."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"वाट बघत होतो."

कशाची, ते सांगितलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात चाललंय की एडनाबाई एकट्या पडल्या, ते ह्यांना दिसत नव्हतं? की दिसत असून गप्प बसले? बघा, अजूनही माझं बोट दुसऱ्याकडेच आहे.

पत्र मी लिहिलं होतं.

क्लेम, आमच्या भिंती उभ्या ठेवल्यात त्याबद्दल सर्वांच्या वतीनं आभार. अध्यक्षबाई आणि फर्थसाहेब आले, चॅपलच्या भगिनींनी चहा केला, त्यांचेही आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल ते सभागृहानं पोटात घालावं. लिहिण्यात जे झालं, त्याची माफी सभागृहाच्या हातात नाही. ती तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसली आहे.

एडनाबाई, कार्यक्रम दहा मिनिटं उशिरा सुरू झाला, कारण मी घरी जाऊन आकडा घेऊन आले. हा बघा. सांध्यात बसवायचा, दगडात नाही, एवढं मला कळतं. ह्या वेळी लिहीत नाही, विचारते. उद्या सोमवार आहे. दोरी आणाल?