माझ्या धानातली राणी

कादंबरीकाराचं नाव काढलं की माझं डोकं का फिरतं, ते ऐका. माझ्या धानाच्या बांधीत एक जुना कोरीव दगड आहे. नागपूरच्या एका लेखकाने हजार वर्षांपूर्वीची राणी मनाने रचली आणि लढाईत नेमकी त्या दगडापाशी पाडली. तेव्हापासून तिची ओटी भरायला बाया येतात आणि माझं उभं धान तुडवतात.

शेवटी लेखकाला फोन केला. तो म्हणाला, "भाऊ, पहिल्याच पानावर सगळं काल्पनिक म्हणून छापलंय."

मी बांधावर आडवा उभा राहिलो. "बाई, अशी राणी झालीच नाई! लिहिणाराच सांगून राह्यला!"

पुढची म्हातारी म्हणाली, "त्याले काय मालूम? माह्या सुनेले पोरगं तिनंच देल्लं. सरका, भाऊ."