पहारेकऱ्याचं माप

हात आडवे धरा. एवढे वर नाही, खांद्याच्या रेषेत – हां, आता असेच राहा, आणि बोलू नका, बोललात की छाती हलते आणि माप चुकतं. दादाच्या चित्रकथेतल्या पहारेकऱ्याचा पोशाख मला जमेल का, असं विचारलंत ना मघाशी? तो पहिल्यांदा शिवला कुणी असं वाटतं तुम्हाला? आमचा दादा चित्रकार मोठा, पण सुईत दोरा ओवता येत नव्हता त्याला. ती घट्ट निळी पँट, ते बनियन, आणि खांद्यावरून सोडलेला तो झगा – तुम्ही लोक केप म्हणता – तो आमच्या आईच्या खोलीतला पडदा होता. मी कापला, मी शिवला, आणि घालून स्टुलावर उभाही मीच राहिलो. एक नाही, दोन नाही, चाळीस अंक. तेव्हा जमेल की नाही ते सोडा, तुम्ही कबूल काय केलंय तेवढं विसरू नका. आठवण अंकात एक ओळ – पहिल्या चाळीस अंकांतल्या पहारेकऱ्यासाठी चित्रकाराचा धाकटा भाऊ उभा राहिला, तो शिंपी आहे. बस. फोटो नको, मुलाखत नको. दादाला जाऊन बावीस वर्षं झाली, तुम्ही चाहते दरवर्षी हॉल घेऊन जमता, भाषणं करता, आणि त्याला भाऊ होता हे एकाच्या तोंडून निघत नाही. ती ओळ छापून आली की मी डोळे मिटायला मोकळा.

मान सरळ. वाचला तुमचा लेख, वाचला, नऊच्या नऊ पानं वाचली. आधीचं 'भरीव पर्व' आणि नंतरचं 'कृश पर्व'. काय लिहिलंय – 'भरीव पर्वातलं शरीर सुखवस्तू आहे, त्यात बाजारू आकर्षण आहे.' बाजारू म्हणे. अहो, ती छाती माझी होती. बेचाळीस इंच, आणि श्वास न रोखता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास मी स्टुलावर, एक पाय हवेत, एक हात भिंतीच्या खुंटीला, कारण काय तर पहारेकरी गच्चीवरून उडी मारतोय. उडी मारणारा हवेत असतो किती वेळ? मी पाऊण तास असायचो. खुंटी दादा खोडून टाकायचा म्हणून तुम्हाला दिसत नाही. आणि केपच्या चुण्यांत वारा खेळतो असंही लिहिलंय तुम्ही – वारा कसला, पडद्याचं टोक दोऱ्यानं कपाटाच्या मुठीला ताणून बांधलेलं असायचं. मी जरा हललो की कपाट उघडायचं आणि दादा खेकसायचा.

वळा. पाठ करा माझ्याकडे. तुम्हाला वाटत असेल, म्हातारा उगाच कुरकुरतोय. नाही हो, उभं राहण्याचं मला काही वाटलं नाही कधी. कंबर धरायची, आमची ही रात्री शेकून द्यायची आणि म्हणायची, तुमच्या भावाला लाकडाचा पुतळा का नाही घेऊन देत तुम्ही? मी हसायचो. दुखलं ते वेगळंच. धड माझं आणि चेहरा त्याचा. डोळ्यांवर पट्टी असते पहारेकऱ्याच्या, पण नाक, जिवणी, हनुवटी सगळी दादाची – आरशात बघून काढलेली. म्हणजे बरगड्या मोडून घ्यायच्या मी, आणि पोरींनी पाहायचं याला. चाळिसावा अंक जाडजूड निघणार होता, तेव्हा मी म्हटलं, दादा, एकदा, फक्त एकदा, एका चौकटीत तरी पट्टी काढ आणि माझा चेहरा टाक. मान वर न करता म्हणाला, तुझा चेहरा कुणाच्या लक्षात राहणार आहे? आणि मग टाकला त्यानं. कुठे टाकला माहिती आहे? सहाव्या पानावर तो चहाडखोर आहे ना, कॉलर धरून फरपटत नेतात तो, मालकाच्या पाया पडतो तो – तो मी. मिशीसकट. गिऱ्हाइकं अंक घेऊन दुकानात आली आणि माझ्या तोंडावर हसली. दादाला विचारलं तर म्हणतो, तूच मागितलास ना चेहरा? त्याला खरंच गंमत वाटत होती, हे आता कळतं मला. तेव्हा नाही कळलं. पोशाख अंगातून काढला, स्टुलावर टाकला, आणि त्या घरातून निघालो तो इथे, चार गल्ल्या सोडून. नंतर अडीच वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

कंबर – सैल सोडा पोट, ओढून धरू नका, सगळेच धरतात. आता तुमचं ते कृश पर्व. एकेचाळिसाव्यापासून पहारेकरी डावखुरा होतो, त्यावर तुमची दोन पानं आहेत. 'डावा हात हे त्याच्या बंडाचं रूप आहे.' बंड कसलं डोंबलाचं. उभं राहायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून दादा स्वतःच माझा पोशाख घालून आरशापुढे उभा राहायचा. उजवी मूठ वळायची, आरशात बघायचं, दिसलं तसं कागदावर उतरवायचं. आरशात ती डावी दिसते. उलटं करून काढायला वेळ कुणाकडे होता, दर महिन्याला अंक गेला पाहिजे. आणि तो गुडघ्याखाली कधी दिसत नाही, सतत धुरात नाहीतर भिंतीआड – 'जमिनीपासून तुटलेला नायक' – तुमच्याच ओळी आहेत ना? अहो, तो माझा दुकानातला जुना आरसा होता, निघताना तिथेच राहिला. गुडघ्यापर्यंतच दिसायचं त्यात. झालं, हात खाली करा. बसा तिकडे, मी लिहून घेतो.

छाती सदतीस. कंबर – काय म्हणालात? ते गठ्ठे खाली ठेवा. माझेच आहेत, हो, सगळे अंक आहेत, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत. भांडण दादाशी होतं, अंकाशी नव्हतं. कसले आकडे? कुठे, समासात? पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं असेल सहज, गिऱ्हाइकाचं माप वगैरे, हातात येईल त्या कागदावर लिहितो आम्ही – ठेवा म्हटलं ना.

बरं. चौकटीशेजारीच आहेत ते, दिसतंय मला. चष्मा असला तरी दिसतं. सत्तेचाळिसावा अंक, छाती अडतीस. बावन्नावा, छत्तीस. मापं आहेत ती. माणसाचं डोकं तेवढंच राहतं, आणि दादाच्या टोपीचं माप मला पाठ होतं – डोक्यावरून छाती काढणं काही अवघड नाही, टेप लावायची चित्राला. आधी मलाही वाटलं, मनानं बारीक काढत असेल, तुमच्यासारखंच मलाही वाटलं. पण खांद्याची शिवण दंडावर उतरायला लागली. काखेत बनियन लोंबायला लागलं. हाडं कुणीही मनानं काढेल, पण कापड असं लोंबलेलं मनानं कुणी काढत नाही, ते समोर दिसावं लागतं. तुम्ही लोक पत्रं लिहीत होतात मासिकाला, काय नवी शैली, काय धीट रेषा. आणि मी इथे टेप घेऊन बसलो होतो. डॉक्टरांच्या आधी मला कळलं असेल. सगळ्या जगात फक्त मला कळत होतं.

गेलो का? सांगतो ना. त्याला माझा पोशाख मोठा होतोय, म्हणून त्याच्या मापाचा नवा कापायला घेतला. म्हटलं, हे निमित्त बरं आहे, काही बोलायला नको, पोशाख पुढे करायचा आणि म्हणायचं, घाल हा. चौतीसचा शिवला. तेवढ्यात पुढचा अंक आला, त्यात तेहतीस. उसवला, आत घेतला. पुन्हा अंक, पुन्हा कमी. म्हटलं माप एकदा पक्कं होऊ दे, मग नेऊन देऊ, ढगळ पोशाख घेऊन काय जायचं शिंप्यानं? अकरा महिने उसवत होतो आणि शिवत होतो. अडुसष्टाव्या अंकात एकतीस. एकोणसत्तरावा घ्यायला स्टॉलवर गेलो, तर स्टॉलवाला म्हणाला, या महिन्याचा आलेलाच नाही. का ते मी विचारलं नाही. तसाच दुकानात परत आलो आणि एका साहेबांचा कोट द्यायचा होता, तो पुरा केला.

नाही, तो पोशाख मी तुम्हाला दाखवणार नाही. प्रदर्शनात तर नाहीच नाही. आणि हे बघा, ती ओळ – ती छापू नका. चाळिसाव्यापर्यंत कोण उभा होता हे छापलंत, की कुणीतरी शहाणा विचारणारच, एकेचाळिसाव्यापासून मग हा होता कुठे. इथेच होतो. चार गल्ल्या पलीकडे, याच टेबलाशी. तुमचा लेख आहे तसा राहू द्या, त्यात ती शैलीच राहू द्या. पोशाख दुसरीकडे शिवून घ्या. या आता तुम्ही.