हूल्डाबाईंची खिडकी

—पाहिली म्हणजे काय, अख्ख्या गावाने पाहिली काल संध्याकाळी! मी तर सगळ्यात पुढे, गरम वाइनचं पातेलं माझ्याकडेच ना— नाताळच्या खिडक्यांची समिती म्हणजे शेवटी मीच. दर संध्याकाळी एका घराची खिडकी उजळायची, आणि तोवर आत काय चाललंय ते कोणी विचारायचं नाही, डोकवायचं नाही, हा नियम माझाच. मेला नियम! आपली हूल्डाबाई, तळमजल्यावर जिन्यासमोर दिवसभर खुर्ची टाकून बसणारी म्हातारी— ती करून करून काय करणार? काळा कागद कापून केलेली गुरं डोंगरावर चाललीत, तेच वर्षानुवर्षं. आणि पडदा सरकला तर काय? गुरांच्या जागी आपण! आपली बिल्डिंग, आपला जिना, आणि जिन्यावर आपण सगळे!

त्या ब्राव्हांदचंच बघा. कचऱ्याला पालिकेची विकतचीच पिशवी वापरता ना, असं दारोदार विचारत फिरणारा माणूस— आणि चित्रात? स्वतःची फुकटची पिशवी दुसऱ्याच्या डब्यात कोंबतोय! नाक हुबेहूब त्याचं. आणि ती योगवाली, मांसाचं नाव काढलं की तोंड वाकडं करते, ती बाल्कनीत लपून सॉसेज खातेय. लोक हसून हसून बेजार. मीही हसले, खोटं कशाला सांगू, पोट दुखेपर्यंत हसले— मग वरचा मजला दिसला.

तुमचं दार. हो, आबेग्लेनसाहेब, तेच. दाराच्या मुठीला पावाची पिशवी अडकवून चवड्यांवर पळणारी एक बाई. आता ती कोण, मला काय ठाऊक? एप्रन आहे म्हणून मी? एप्रन सगळ्यांकडे असतो! आणि म्हातारीला दिसतं तरी काय— पावाची वेणी दोन पदरांची कापलीय, चार पदरांची असते ती, वर अंड्याचा हात दोनदा— म्हणजे, असणार. नीट करणारी बाई तसंच करते.

आणि तुम्हाला तर ठाऊकच आहे कोण ते. तुमच्या समोरच्या रूबीबाई! पावाबद्दल त्यांचेच आभार मानलेत ना तुम्ही, खाली टपालपेट्यांपाशी, सगळ्यांसमोर? आणि त्या काय म्हणाल्या? "अय्या, त्यात काय एवढं!" खोटं नाही हं बोलल्या, नुसत्या गोड हसल्या. त्या बाईला साधं अंडं उकडता येत नाही हो! त्यांच्या स्वयंपाकघरातून कधी भाजल्याचा वास आलाय? पण नाही, तुम्ही लगेच तळ्याकाठी फिरायला घेऊन गेलात. दर रविवारी. मी खिडकीतून— म्हणजे काच पुसत होते, तेव्हा दिसलात.

लपूनछपून का? मला काय विचारता! असेल एखादीला लाज. तुमच्या बायकोला, व्हरेनीला जाऊन वर्षही झालं नव्हतं, खालच्या मजल्यावरची विधवा पाव घेऊन वर आली असती तर लोकांनी काय काय म्हटलं असतं? म्हणून मी म्हटलं— तिने म्हटलं असेल— माणूस खातोय ना वेळेवर, झालं तर. नाव कशाला हवं? पण ते नाव दुसरीनेच आयतं लाटलं, की पीठ मळताना रडू येतं. येतं रडू, काय करणार.

नाही, उतरवता येत नाही ते चित्र. ब्राव्हांद सकाळीच येऊन हातापाया पडून गेला. एकदा उजळलेली खिडकी सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत झाकायची नाही— हा नियम कोणी केला? मीच, मूर्खासारखी! आता तोवर रोज गावाने यावं आणि माझा— त्या बाईचा तमाशा बघावा.

झालं समाधान? मग या आता. आज रविवार, रूबीबाई नटूनथटून वाट बघत असतील. हसताय काय? मी काही विनोद केला? जा म्हणते ना! ते बघा, ब्राव्हांदचं दार किलकिलं झालं, आता गावभर होईल— अहो, काय करताय हे... अहो आबेग्लेन, माझ्या दारात बूट का काढताय?