कॉम्प्रेसरला घातलेली गोधडी

...नाही, पण एसी आणला कोणासाठी? मायसाठीच ना! तुम्हाला सांगतो, धुळ्याचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, देवपुरातलं आमचं घर तव्यासारखं तापलेलं, आणि माझी ब्याऐंशी वर्षांची माय दर उन्हाळ्यात एकच घोकते, पिंपळनेरला जाते, पिंपळनेरला जाते... अहो, तिथं आता आहे कोण? कुलूप लावलेल्या दोन खोल्या आणि एक लिंबाचं झाड! म्हटलं, घरात गारवा केला की राहील इथं. माझं काय चुकलं, सांगा?

तर हा एसी एक दिवस नुसताच घुरघुरायला लागला, थंड काही करेना. मेकॅनिक आला, पंडित नावाचा, अमळनेरचा, तोंडात सुपारी. गच्चीवर गेला आणि तिथूनच हाक मारली, "काका, वर या, इथं कोणीतरी झोपलंय." जाऊन बघतो तर एसीच्या बाहेरच्या डब्याला गोधडी! चहूबाजूंनी गुंडाळलेली, सुतळीनं बांधलेली आणि ओलीगच्च.

मायला विचारलं, तर ती शांतपणे म्हणते, "बिचारं दिनभर उनमा बठेल शे, भाऊ. म्हनीसन वल्ली गोधडी घाली दिनी." गावाला वासरावर ओलं गोणपाट टाकायची ना, तीच माया या डब्यावर! पंडित म्हणाला, काका, गरम हवा बाहेर पडेना, कॉम्प्रेसर जळाला, नवा जळगावहून येईल, चार दिवस लागतील. आता मायवर चिडायचं तरी कसं? तिनं त्याला जीव लावला, आणि त्याचाच जीव गेला. माझं काय चुकलं, आणि तिचं तरी काय?

पण ते चार दिवस... काय सांगू तुम्हाला! संध्याकाळी नातवंडं बादल्या भरभरून गच्चीवर पाणी मारायला लागली, तापल्या सिमेंटचा वास आला, आणि मी पन्नास वर्षं मागे गेलो हो. पिंपळनेरच्या आमच्या घराच्या मातीच्या सपाट छतावर, धाब्यावर, अशीच ओळीनं अंथरुणं, उशाशी माठ, माझ्या वडिलांचा, आबांचा रेडिओ, माय पदरानं वारा घालतेय, आणि शेजारच्या धाब्यावरून बेबाबाई विचारतायत, आज काय कालवण केलं म्हणून. आताही तसंच झालं. माझी बायको ललिता, डास चावतात म्हणून कधी गच्चीवर न येणारी, मायजवळ बसून ज्वारीचे पापड, बिबडे कसे घालायचे ते विचारायला लागली. नातवंडं पणजीच्या मांडीवर. चार दिवसांत मायनं पिंपळनेरचं नाव काढलं नाही. एकदाही नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं की नाही?

पाचव्या दिवशी कॉम्प्रेसर आला. पंडितनं बसवला, गॅस भरला, बटन दाबलं. नातवंडं पळाली खोलीत, ललितानं दार लोटून घेतलं, गार हवा बाहेर जाते म्हणून. मी वर गेलो तर माय एकटी अंथरुणाची घडी घालत होती.

"आते तुमनं मशीन बरं व्हयी गयं, भाऊ," ती म्हणाली. "मी सकाय घर जास."

सकाळी तिला पिंपळनेरच्या एसटीत बसवून दिली. घरी येऊन टेकतो न टेकतो तोच पंडितचा फोन, काका, थंड करतोय ना? आता दहा वर्षं बघायला नको, लिहून देतो!

मी म्हटलं, एवढं पक्कं काम कशाला केलंस रे बाबा?